पंचशीलाताईंची आमदारकी

आमदाराच्या घरी पडवीत दोन गोष्टींचा ढीग पडतो. एक चपलांचा आणि दुसरा किश्शांचा. चपला संध्याकाळपर्यंत ज्याच्या त्याच्या पायात निघून जातात, फार तर एखादा जोड बदलून जातो. किस्से मात्र तिथेच पडून राहतात आणि शेवटी पीएच्या वाट्याला येतात. मी पंचशीलाताईंचा पीए. माझ्याकडे आता इतके साचलेत की चार मित्र भेटले की थोडे वाटून टाकतो, तेवढंच डोकं हलकं होतं.

ताई आधी दिघोरीकडे प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. कुठल्या वस्तीत पाणी नाही, कुठल्या विधवेचं मानधन अडलं, कुठल्या पोराला जातीवरून मागे बसवलं, यासाठी भांडता भांडता त्यांनी नोकरी सोडली, उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. निकालाच्या दिवशी त्यांचे यजमान देवाजीभाऊ शेतात होते. मी धावत जाऊन सांगितलं, "भाऊ, ताई आमदार झाल्या!"

भाऊंनी फावडं बांधावर टेकवलं, थोडा विचार केला आणि विचारलं, "मंग आता बजाराले मले जा लागन का?"

*

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ताई पहिल्यांदा बोलायला उभ्या राहिल्या. मी वर गॅलरीत. विषय वसतिगृहांचा होता, तयारी जोरदार होती. पण त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं आणि समोरच्या बाकांवरून गलका सुरू झाला. मग आमच्या बाजूच्यांनी ताईंना आधार म्हणून त्याहून मोठा गलका केला. ताईंचा आवाज त्यांना स्वतःलाही ऐकू येईना.

अर्धं आयुष्य चौथीच्या वर्गावर गेलेली बाई. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हाताची घडी, तोंडावर बोट."

माईकवरून सगळ्या सभागृहात गेलं ते. आणि खरं सांगतो, सभागृह गप्प झालं. का झालं ते कुणालाच कळलं नाही. कदाचित सगळेच कधीतरी चौथीत होते म्हणून असेल. त्या शांततेत ताईंनी भाषण सुरू केलं ते थेट शेवटपर्यंत नेलं. मध्ये कुणी हूं की चूं केलं नाही.

सभागृह सुटल्यावर पायऱ्यांवर विरोधी बाजूचे एक जुने, पांढऱ्या मिशांचे सदस्य ताईंजवळ आले. चारदा निवडून आलेला माणूस, पण चेहरा अगदी बापुडवाणा.

"बाई," ते म्हणाले, "आता बोट काढू का?"

*

'आमदार सामाजिक न्यायवाल्या आहेत' हे जिल्हाभर पसरलं, आणि मग न्याय कशाकशात मागायचा ते लोकांनी आपापलं ठरवलं. एका सकाळी बपेऱ्याहून शालिकभाऊ आले. पडवीत बसायलाही तयार नाहीत.

"ताई, माही म्हैस एमपीत गेली. हा दोन राज्याइचा मामला हाये. मले न्याय पायजे."

चरता चरता नदी ओलांडून पलीकडच्या गावात गेली होती म्हैस. ताईंनी पलीकडच्या सरपंचांना फोन लावला. ते भले माणूस. म्हणाले, "भैंस तो आई है मॅडम. हमने बाँध के रक्खा है, चारा-पानी भी दे रहे. बस किसी को भेज दो."

ताईंनी मला, शालिकभाऊंना आणि ड्रायव्हर धनराजला पाठवलं. म्हैस एका झाडाखाली मजेत बसली होती. शालिकभाऊंनी तिच्या पाठीवर हात फिरवला. "ऊठ वो माये, घरी चाल." म्हैस ढिम्म. त्यांनी शेपूट पिळली, गोंजारलं, तिच्या आईचं नाव काढलं. म्हशीने मानसुद्धा वळवली नाही. धनराजने मागून ढकलून पाहिलं आणि तो स्वतःच चिखलात बसला.

शेवटी सरपंच पुढे आले आणि साधं म्हणाले, "चल, उठ."

म्हैस उठली.

शालिकभाऊंना ते फार लागलं. परतीच्या सगळ्या वाटेवर ते तिच्याशी बोलले नाहीत. गाव जवळ आल्यावर मला म्हणाले, "पाहा बाप्पा. मी इतक्या वर्षाचा रोज तिच्याशी बोलतो, अन् हे चार दिसात हिंदी शिकून आली."

*

तालुक्याच्या आढावा बैठकीचा प्रसंग. एका वस्तीतल्या बाया रस्त्याची मागणी घेऊन आल्या होत्या. पावसाळ्यात त्यांच्या वस्तीचा गावाशी संबंध तुटायचा. पोरांची शाळा बुडायची, बाळंतिणीला खाटेवर टाकून न्यावं लागायचं. बैठकीत सगळे साहेब खुर्च्यांवर आणि बाया भिंतीला लागून उभ्या.

ताईंनी विचारलं, "या बायांना खुर्च्या नाहीत?"

तिथला शिपाई म्हणाला, "संपल्या मॅडम."

"बरं," म्हणून ताईंनी पदर खोचला आणि बायांच्या मधोमध फरशीवर बसकण मारली. बाया पण बसल्या. आता आमदार खाली आणि आपण वर, असं कसं चालेल? आधी एक साहेब उतरले, मग दुसरे, मग सगळेच. शेवटी रस्त्याचे इंजिनिअर उरले. माणूस चांगला, पण देहाने भरभक्कम. टेबलाला धरून, खुर्चीला धरून, धनराजला धरून ते हळूहळू खाली पोचले. बैठक झाली. फरशी टोचत असल्याने लवकर झाली.

सगळे उठले. इंजिनिअरसाहेब उठेनात. पायाला मुंग्या आलेल्या. दोनदा जोर केला आणि दोन्ही वेळा परत बसले. तेव्हा त्या वस्तीतल्या दोन दणकट बाया पुढे झाल्या. एकीने काखेत हात घातला, दुसरीने पाठीला खांदा लावला, आणि "हं, उचल वो" म्हणत साहेबांना एका झटक्यात उभं केलं. कपडे झटकूनही दिले.

साहेबांना गहिवरून आलं. "बाई, तुम्हाला बरी सवय दिसते."

"मंग काय जी," ती बाई म्हणाली. "आमच्या रस्त्यावर ट्रॅक्टर फसला का आमी असाच काढतो."

त्या उन्हाळ्यात रस्ता झाला.

*

मुलींच्या एका वसतिगृहाबद्दल तक्रारी होत्या. वरण म्हणजे पिवळं पाणी आणि भाजीत भाजी शोधावी लागते. ताईंनी अचानक भेट द्यायची ठरवली. आता आमदाराची अचानक भेट ही आमदार सोडून सगळ्यांना आधीच माहीत असते. आम्ही पोचलो तर खिडक्यांना नवे पडदे, दारात रांगोळी आणि ताटात पनीर.

ताईंनी सगळं पाहिलं. निघताना एक मुलगी त्यांना चिकटून हळूच म्हणाली, "ताई, तुमी रोज येत जा न. तुमी आल्या का पनीर भेटते."

गाडीत बसल्यावर ताईंनी डायरीत वसतिगृहाचा नंबर शोधला. मग मला म्हणाल्या, "उद्यापासून रोज सकाळी वसतिगृहात फोन करायचा. सांगायचं, ताई आज येण्याची शक्यता आहे, वेळ नक्की नाही."

"आणि जायचं कधी?"

"जायचं कायले?"

मी रोज फोन करू लागलो. आंघोळ, चहा आणि वसतिगृह, असा क्रमच लागला. त्यात खोटंही काही नव्हतं. ताई कुठेही येण्याची शक्यता रोजच असते आणि वेळ कधीच नक्की नसते. तिकडे रोज रांगोळी पडू लागली, रोज वरण घट्ट होऊ लागलं. आठवड्यांमागून आठवडे गेले.

एक दिवस तिथल्या गृहपालबाई स्वतःच पडवीत हजर. डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला.

"ताई, एक डाव येऊन जा न जी. पडदे धुवून धुवून विरले."

"येते ना," ताई म्हणाल्या. "कधी, ते मात्र सांगत नाही."

*

वस्त्यांना जातीवरून पडलेली नावं बदलायची, असा निर्णय सरकारने घेतला. ताईंचा जीव या विषयात होता. लहानपणापासून त्यांच्या स्वतःच्या पत्त्यात तसंच एक नाव होतं. एका गावात ग्रामसभेला त्या मुद्दाम गेल्या. गावाचं नाव सांगत नाही, तिथे अजून माझं जाणं-येणं आहे.

सभा रंगली. एकाने एका थोर पुरुषाचं नाव सुचवलं, दुसऱ्याने दुसऱ्याचं. तिसरा म्हणाला, ही नावं शेजारच्या गावांनी आधीच घेतली, आपलं वेगळं पाहिजे. एकाने 'न्यू सिटी' सुचवलं. त्याला लोकांनी बसवलं. मग सरपंचांनी तोडगा काढला, "ताईचंच नाव देऊ."

ताई म्हणाल्या, "मी अजून जिवंत आहे हो."

"बरं, मंग थांबू का?" मागून कुणीतरी विचारलं. धनराजच्या म्हणण्याप्रमाणे त्याचा हेतू चांगला होता.

एवढ्यात वस्तीतल्या भागाबाई काठी टेकत उभ्या राहिल्या. खूप म्हाताऱ्या. इतका वेळ डोळे मिटून बसल्या होत्या, मला वाटलं झोपल्या असतील.

"मी जनमभर एकच आयकत आली, का आमची वस्ती गावाबाहेर हाये. आता नाव बदलूनच राहिले, तर असं करा. आमच्या वस्तीचं नाव ठेवा 'गाव'. अन् तुमच्या गावाले म्हना 'गावाबाहेर'."

सरपंच छताकडे पाहू लागले. ग्रामसेवक नवा होता, नियमाने चालणारा. त्याने खाली मान घालून लिहायला घेतलं.

"सूचक भागाबाई," तो म्हणाला. "अनुमोदक कोण?"

ताईंनी हात वर केला.

*

एका पावसाळ्यात एक जोडपं ताईंच्या घरी आलं. मुलगी शेतकरी घरातली, मुलगा त्याच गावच्या बौद्ध वस्तीतला. नोंदणी लग्न करून थेट इकडे. दोघं घाबरलेली. ताई तुमसरला एका कार्यक्रमात, संध्याकाळशिवाय परत यायच्या नव्हत्या. मी दोघांना आतल्या खोलीत बसवलं, कडी लावली आणि बाहेर आलो तर मुलीकडची मंडळी जीपमधून उतरत होती. मागोमाग मुलाकडची मंडळी ट्रॅक्टरवरून आली. दोन्ही बाप समोरासमोर. एकाच्या हातात काठी. मी पोलिसांना फोन लावायला मोबाईल काढला.

तेवढ्यात देवाजीभाऊ गुडघाभर चिखलाने आले. धानाच्या रोवण्याचे दिवस होते आणि त्या दिवशी मजूर आलेच नव्हते. उपटलेले पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, घरामागच्या बांधीत पडलेले, वरून ऊन निघालेलं. भाऊंनी अंगणात इतकी माणसं पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"ताई सायंकाळी येते," ते म्हणाले. "तवरी बसून काय करता? पऱ्हे वाळून राहिले. चाला."

इतक्या साधेपणाने म्हणाले की नाही म्हणायचं कुणाला सुचलं नाही. शिवाय शेतकरी माणसं. पऱ्हे वाळताना पाहवत नाही. आधी बाया उतरल्या, मग पुरुष. मुलीकडचे या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, मुलाकडचे त्या धुऱ्याला. मध्ये देवाजीभाऊ.

दोन-चार ओळी रोवून झाल्या. मग मुलीचा बाप भाऊंच्या ओळीकडे पाहून पुटपुटला, "इतकं दाट कोन लावते?"

पलीकडून मुलाचा बाप म्हणाला, "मी बी तेच पाहून राहिलो. फुटवे कुठून येतीन?"

"अन् हे ओळ पाहा."

"ओळ कुठी हाये? सापच हाये तो."

त्यानंतर त्या दोघांनी जे सुरू केलं ते थांबेचना. भाऊंचा बांध, भाऊंचं पाणी, भाऊंचे पऱ्हे, भाऊंची उभं राहण्याची पद्धत. दोघांचं प्रत्येक गोष्टीत एकमत. आतल्या खोलीतलं जोडपं खिडकीतून पाहत होतं. पोरगी मला म्हणाली, "माह्या बाबाले मी इतकं बोलताना कधीच नाई पाहिलं."

संध्याकाळी ताई आल्या. गाडीतूनच घाबऱ्याघुबऱ्या उतरल्या. पाहतात तर दोन्ही बाप बांधावर बसून एकाच दुपट्ट्याला हात पुसत होते.

"या ताई," मुलीचा बाप म्हणाला. "पोराइचं मागून पाहू. पहिले या तुमच्या घरधन्याले कोनी रोवना शिकवा."

बोलणी सोपी नव्हती झाली, तेही सांगतो. मुलीची आई पुढे कित्येक दिवस बोलली नाही. पण धान कापून झाल्यावर दोन्ही घरांनी मिळून गावात जेवण दिलं आणि आम्ही सगळे गेलो.

त्या दिवशी सगळे निघून गेल्यावर भाऊ मात्र खुशीत होते. ताईंना म्हणाले, "यंदा रोवना बरा आटोपला. पुढच्या साली बी या टायमाले एखादं जोडपं पाहून ठेवजो."

*

पुढच्या निवडणुकीत ताई पडल्या. गावोगावी नको त्या विषयात हात घातला की असं होतं, असं जाणकार म्हणाले. दुसऱ्या दिवशी पडवीत एकही चप्पल नव्हती. ताई एकट्या बसून तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसून खडे वेचत होतो.

दुपारी एक म्हातारी आली. लांबच्या गावाहून, एस्टीने. निराधार योजनेचं काम होतं तिचं. ताईंनी तिला पाणी दिलं आणि समजावून सांगितलं, "आजी, आता माझ्याकडून होईल का नाही सांगता येत नाही. मी पडली."

म्हातारी चरकली. पाण्याचा पेला खाली ठेवला, ताईंच्या जवळ सरकली आणि त्यांचे गुडघे चाचपू लागली.

"कुठी पडली वो बाई? लागलं तर नाई? हयद लावली का?"

ताई कालपासून रडल्या नव्हत्या. तेव्हा आधी हसल्या आणि मग रडल्या. म्हातारीने हळद मागवली आणि बऱ्या असलेल्या गुडघ्याला लावूनच उठली. तिचं काम ताईंनी आमदारकी नसताना करून दिलं. मग दुसरं आलं, तिसरं आलं. चपला पुन्हा साचू लागल्या, आणि त्याच्या पुढच्या निवडणुकीत ताई परत निवडून आल्या.

*

त्यानंतरची ही गोष्ट. एका गावात सप्ताहाच्या काल्याला ताईंना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावणं आलं. मी आणि धनराज दोघंही नको म्हणत होतो. या गावात गावजेवणाला बौद्ध वस्तीची पंगत चिंचेच्या झाडापलीकडे वेगळी बसायची आणि शेवटी वाढली जायची. कुणी विचारलं तर उत्तर तयार असायचं, 'जागेची सोय आहे, दुसरं काही नाही.' मागे एकदा वस्तीतला एक तरुण मुद्दाम मोठ्या पंगतीत बसला होता. त्याला उठवलं, ढकलाढकली झाली, त्याचं डोकं फुटलं. ताई त्याच्या बाजूने पोलीस ठाण्यात बसल्या होत्या आणि या गावाने त्याचा राग मतपेटीत काढला होता.

धनराज गाडी लावताना म्हणाला, "ताई, आज निस्तं जेवून निघू."

"जेवायलेच आली मी," ताई म्हणाल्या.

जेवणाची सगळी व्यवस्था नारायणबुवांकडे. गावातलं जुनं, मानाचं माणूस. कोण कुठे बसेल, कुणाला कधी वाढायचं, सगळं त्यांच्या शब्दावर. त्यांनी ताईंसाठी मंडपात टेबल मांडलं होतं, वर पांढरी चादर, स्टीलचं ताट. ताईंनी हात जोडले, ताट उचललं आणि चालू लागल्या. थेट चिंचेपलीकडे. तिथे वस्तीतल्या बाया-पोरं बसली होती. डोकं फुटलेला तो तरुणही होता. त्याने सरकून जागा केली, ताई मांडी घालून बसल्या.

मी मनात म्हटलं, आता काहीतरी होणार.

झालं ते असं की कॉलेजची पोरं मोबाईल घेऊन चिंचेकडे धावली. आमदारासोबत जेवतानाचा फोटो कुणाला नको असतो? एक पोरगी ताईंच्या डावीकडे बसली, एक उजवीकडे. पोरी तिकडे गेल्या म्हणून त्यांच्या आया गेल्या. आया गेल्या म्हणून बाप गेले. सरपंच मागे राहिले असते तर फोटोत नसते, म्हणून तेही पत्रावळ घेऊन पळाले. सप्ताहाचे महाराजही उठले. चिंचेखाली जागा पुरेना. कुणाचा गुडघा कुणाच्या पत्रावळीला लागत होता आणि कुणी पाहत नव्हतं.

नारायणबुवा मंडपाच्या तोंडाशी उभे राहून दोन्ही हात हलवत होते. "अरे तिकडे नोका जाऊ. इकडे बसा. जागा इकडे हाये." त्यांच्या काखेतून लोक निघून जात होते. त्यांची स्वतःची सूनही गेली, कडेवर नातू घेऊन. शेवटी हाक मारायला कुणी उरलं नाही. एवढ्या मोठ्या मंडपात बुवा एकटे, समोर रिकाम्या पत्रावळींच्या ओळी. पाय दुखले असतील. ते तिथेच एका पत्रावळीसमोर बसले.

वाढपी बुंदीची बादली घेऊन चिंचेकडे निघाला होता. बुवांना पाहून थबकला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि अगदी अदबीने वाकून विचारलं,

"बुवा, तुमची पंगत अलग हाये का जी?"